त्या व्हिडिओतले हात

माझ्या फोनमध्ये अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. परदेशातली एक कचेरी सोडली, तर तो मी कुणाला दाखवलेला नाही. त्याच्यामागची गोष्टही आजवर कुणाला सांगितलेली नाही — आईलासुद्धा नाही, आणि आईच्या कानावर तर मी सगळं घालत आले. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल. समोर माणूस असलं की या एका बाबतीत माझी दातखीळ बसते, हे गेल्या चार वर्षांत मला पक्कं कळलंय.

व्हिडिओत एक खुर्ची आहे आणि दोन हात आहेत. चेहरा नाही. हात खुर्चीची बैठक वेताने विणतायत, शांतपणे, एकदाही न अडता. खाली नाव आहे ते माझं. वैशाली.

पण असं एकदम नको. आधी निर्मलाताई कळायला हवी, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला नीट कळणार नाही.

साकीनाक्याला लेथ मशीनच्या एका वर्कशॉपवर, लोखंडी जिना चढून गेलं की आमचा गाळा लागतो. जुन्या खुर्च्या, झुलत्या आरामखुर्च्या, कुणाच्या सासऱ्याच्या काळातला सोफा — ज्याची वेताची जाळी फाटली असेल ते सगळं आमच्याकडे येतं. गाळा निर्मलाताईच्या वडिलांचा. ते हिंगोलीकडून मुंबईत आले, इथे कुणाच्या तरी हाताखाली वेतकाम शिकले, आणि मुलगा नव्हता म्हणून नाही तर मुलीचे हात बघून त्यांनी ते तिला शिकवलं. ती आठवीत असताना त्यांची पाठ धरली. तिची शाळा सुटली ती तेव्हा. मालाडला घर, नवरा लवकर गेला, एक मुलगा, आता सून. माझ्याहून अकरा-बारा वर्षांनी मोठी.

मी घाटकोपरची, बी.कॉम. ज्या ऑफिसात होते ते एक दिवस बंद झालं. चार ठिकाणी अर्ज केले, कुणी उभं केलं नाही. निर्मलाताईला फोन घ्यायला, गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं होतं. मी दोन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि सात वर्षं राहिले. फोन घेता घेता विणायला शिकले. शिकले म्हणजे कितपत, ते सांगते. बैठकीच्या चौकटीला भोकं असतात. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या त्यातून आधी उभ्या जातात, मग आडव्या, मग पुन्हा एकदा उभ्या-आडव्या, आणि सगळ्यात शेवटी तिरक्या. उभंआडवं कुणालाही जमतं. तिरक्यात माणूस उघडा पडतो. माझं तिरकं दर चार भोकांनी अडायचं, पट्टी दुसऱ्या पट्टीला कापायची. ताई नुसतं बघायची आणि म्हणायची, "उसव." मी वैतागले की वर आणखी, "बसणाऱ्याला घाई असते गं, खुर्चीला नसते."

ती डावरी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक सांगते. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पॉलिशवाला असो, सोफावाला असो की आम्ही — गिऱ्हाइकाने नमुना मागितला की ज्याच्याकडे चांगला फोटो असेल त्याचा मागवायचा आणि पुढे पाठवायचा. खाली लिहायचं, 'आपलंच काम आहे'. आमच्या खुर्च्यांचे फोटो कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत किती जणांच्या फोनवर 'आपलंच काम' म्हणून फिरत असतील, देव जाणे. कुणी त्याला खोटं म्हणत नाही. गिऱ्हाइकालाही माहीत असतं. हे मी आत्ता का सांगितलं? तुमचं मन जरा मऊ व्हावं म्हणून, दुसरं काय. बघा, कबूल करायला बसले तरी मी उशी शोधतेच आहे.

तर मालाडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी परदेशात फर्निचर दुरुस्तीचं दुकान चालवते. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सरकारी नोंदवहीत माझं नाव अजून आहे. ती आईकडे आली होती, तेव्हा आईच्या खुर्च्या बघून थेट आमच्या गाळ्यावर आली. निर्मलाताईने विणलेल्या एका बैठकीवर तिने तळहात फिरवला आणि म्हणाली, आमच्याकडे हे काम करणारी माणसं संपली, तुम्ही या ना. मात्र नोकरीवर ठेवता येणार नव्हतं. तिथला कायदा असा की कारागिराने स्वतःच्या नावाने छोटा धंदा नोंदवायचा, तो मंजूर झाला की त्यावर राहायचं, काम करायचं, तिथला कर भरायचा. सगळं राजरोस. दुकानवालीने हमीचं पत्र द्यायचं, पण पहिल्या वर्षी तिला एकाच कारागिराला ते देता येत होतं.

ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आधी निर्मलाताई, वर्षाने मी. पत्र हातात आलं ते तिच्यासाठी म्हणूनच. दुकानवालीने त्यात नाव घालायची जागा रिकामी सोडली होती, पासपोर्टावरचं स्पेलिंग बघून भरा म्हणाली होती.

ताईचा पासपोर्ट माझ्याआधी आला. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा तिने त्यांना आग्रहाने पोहे खायला लावले होते. आलेला पासपोर्ट तिने गाळ्यातल्या प्रत्येक माणसाला दाखवला, खालच्या लेथवाल्यांनाही. धंद्याचं नाव काय लिहायचं, असं मी विचारलं तर लाजली. वडिलांचा गाळा, वडिलांच्या नावाची पाटी. "माझ्या नावाचं असं कधी काही नव्हतंच गं," म्हणाली. मग म्हणाली, "निर्मला केन वर्क. बरं वाटतं ना ऐकायला?"

बरं वाटत होतं. मी तेच लिहिलं.

अर्ज फोनवरून भरता येत नव्हता, म्हणून मी घरी लॅपटॉपवर भरत होते. तीन आठवडे तो तिच्या नावाने अर्धवट भरलेला पडून होता. शिक्षणाचा एक रकाना होता, त्याच्यापुढे 'भरायचं असल्यास' असं लिहिलेलं होतं. शिक्षणाची अट नव्हती. पुन्हा सांगते, म्हणजे माझ्याही कानावर जाईल — शिक्षणाची अट नव्हती. अट एकच, अर्जदार स्वतः कारागीर हवा, आणि त्याचा पुरावा म्हणून काम करतानाचा व्हिडिओ हवा. चेहरा दिसलाच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

रविवारची दुपार होती. आई आत झोपली होती. सगळं भरून झालं होतं, फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. आणि मला भीती वाटली. ही गेली की गाळ्यावर मी एकटी, माझ्या अडणाऱ्या तिरक्यांसकट. वर्षाने दुकानवाली मला बोलावेल कशावरून? निर्मलाताईचं काम बघितल्यावर माझं कोण विचारणार? मी अर्जात पुन्हा वर गेले आणि नाव बदललं. तिचं खोडलं, माझं टाकलं. पत्रात माझं, धंद्याच्या नावात माझं — वैशाली केन वर्क. बटण दाबलं.

इतकंच झालं. भीतीने, ऐन वेळी, एका क्षणात.

नाही. हेही खरं नाही.

व्हिडिओ आम्ही त्या रविवारच्या दहा दिवस आधी काढला होता. ताई नेहमी साडीत असते. तिच्या डाव्या मनगटावर गोंदलेलं आहे, आजीने लहानपणी गोंदवलेली चार हिरवी टिंबं आणि मध्ये एक फूल. शूटिंगच्या दिवशी मी घरून माझा निळा कुर्ता घेऊन गेले, मनगटापर्यंत बाह्यांचा. म्हटलं, ताई, साडीचा पदर मध्ये येईल, हा घाल. तिने घातला. आरशात बघून हसली, "कॉलेजची पोरगी दिसते की मी." मी कॅमेरा फक्त हातांवर धरला. कुर्ता घरून निघताना पिशवीत टाकला, तेव्हा मला काय माहीत होतं? पदर मध्ये येतो हे तर मला सात वर्षं दिसत होतं आणि तो कधीच मध्ये आला नव्हता. ऐन वेळी काही झालं नाही. नाव मी रविवारी बदललं, पण मनात ते कधीच बदललेलं होतं.

सोमवारी गाळ्यावर गेले. ती वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालत होती. मी म्हटलं, "ताई, अर्ज पुढे जात नाहीये. दहावी पास लागते म्हणे."

दुसरं काहीही सांगता आलं असतं. वय सांगता आलं असतं, पासपोर्टात चूक आहे म्हणता आलं असतं. मी नेमकं तेच निवडलं, कारण ते सांगितल्यावर ती एक शब्दही विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. जिच्या घरात शिक्षणाला देवाच्या जागी मानतात, जिची धाकटी बहीण मास्तरीण आहे, तिला आठवी ही किती वर्षं सलत होती ते तिने मलाच सांगितलं होतं. मला, एकटीला.

तिने हात पाण्यातून काढले नाहीत. बराच वेळ तसेच ठेवले. मग विचारलं, "सगळ्यांनाच लागते?"

"हो."

"मग तुझं होईल ना?"

मी कोरड्या पट्ट्यांची जुडी बादलीकडे सरकवली.

"अगं मग तू कर की! पत्र कशाला फुकट घालवायचं? आणि व्हिडिओ माझाच लाव, तुझं तिरकं बघून हाकलून देतील. आपल्यात काय, आपलंच काम आहे." आणि ती हसली. माझा अर्ज जाऊन तोवर एक दिवस झाला होता.

मंजुरीच्या आधी तिथल्या अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर समोरासमोर चार प्रश्न विचारले. भला माणूस होता. काम कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. माझे वडील पोस्टात होते. भिंतीत खिळा मारायचा तर शेजाऱ्याला बोलवायचे. त्या दिवशी मी तिचे हात तर घेतलेच, वर बापही घेतला.

मी निघाले तेव्हा ताईने मला वडिलांच्या हातच्या लाकडी खुंट्या दिल्या. विणताना पट्टी ढिली पडू नये म्हणून भोकात ठोकतात त्या. तिकडे मिळत नसतील, म्हणाली.

तीन वर्षं राहिले. वाईट दिवस नव्हते. काम मिळत होतं, कर भरत होते, भिंतीवर धंद्याच्या नोंदणीचा कागद लावला होता. पण दुकानवाली काही आंधळी नव्हती, आणि हमी तिची म्हणून कचेरीने व्हिडिओ तिलाही पाठवला होता. एकदा म्हणाली, "व्हिडिओत तू डावरी दिसत होतीस." मी म्हटलं, मोबाइलने उलटं दिसतं. ती बरं म्हणाली. पुढे ती माझ्याकडे उभंआडवंच जास्त द्यायला लागली. ताईला घर सोडून यायचं नाही, असं मी तिला आधीच कळवलं होतं. तरी दोनदा तिने विचारलं, "ताई आता तरी येतील का, नाहीतर गाळ्यावर आणखी कुणी, तिरकं नीट विणणारं? वर्ष झालंय, आता मी दुसरं पत्र देऊ शकते." दोन्ही वेळा मी नाही म्हणाले.

आणि इकडे निर्मलाताईने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मला आधी सांगितलंच नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. सत्तेचाळीसाव्या वर्षी, दुपारी गाळ्यावर खुर्च्या वाळत ठेवून, सुनेकडून बीजगणित शिकत. पहिल्या वेळी गणित गेलं. पुन्हा बसली, सुटलं. गुणपत्रिकेचा फोटो आला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते. मागोमाग तिचा आवाज आला, धापा टाकत, जिना चढता चढता बोलत असावी — "वैशू, झाले गं पास! आता भर माझा फॉर्म. या वेळी दहावी आहे बघ माझ्याकडे!"

मी तो निरोप किती वेळा ऐकला असेन! तिचा फॉर्म भरायला काहीच लागत नव्हतं. पत्र देणारी बाई पलीकडच्या खोलीत बसली होती. पण फॉर्म म्हणजे व्हिडिओ, आणि व्हिडिओ म्हणजे तेच हात, तसेच डावीकडून सुरू होणारे. दोन व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवले असते तर लहान मुलालाही कळलं असतं. मी संध्याकाळी उत्तर पाठवलं. अभिनंदन, फुलं, पेढ्यांचं चित्र. आणि खाली — ताई, दुकानवालीने आता माणसं घेणं बंद केलंय.

तिने लिहिलं, "असू दे. पास तर झाले ना!"

त्यांच्या विहारात तिचा सत्कार झाला. सुनेने मला तो सगळा पाठवला. पांढरी साडी, हातात गुलाब, माइकपासून फूटभर लांब उभी. म्हणाली, "मला कुणी अभ्यास कर म्हटलं नव्हतं. आमच्या वैशालीने सांगितलं, दहावी लागते. ती बोलली नसती तर मी आठवीच मेले असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की, त्या खोट्यातून बाई दहावी झाली. माझ्याही मनात हे आलंय, खोटं कशाला बोलू? फार वेळा आलंय, आणि जेव्हा येतं तेव्हा माझा मला राग येतो. ती दहावी तिची आहे. तिच्यातून मी माझ्यासाठी काही कापून घेऊ नये, एवढी तरी लाज मला असावी.

गेल्या वर्षी आईचं दुखणं वाढलं तसं मी परत आले. ताईने काही विचारलं नाही. माझा पाट होता त्याच जागी होता. मी खुंट्या परत केल्या, तर म्हणाली, "एक हरवलीस," आणि डबीत टाकल्या. गुणपत्रिका गाळ्यात फ्रेम करून लावली आहे, वडिलांच्या फोटोच्या शेजारी. नवं गिऱ्हाईक आलं की ती त्याला दाखवते आणि बोट माझ्याकडे करते, "हिच्यामुळे." गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघतं. मी खाली मान घालून उभंआडवं विणत राहते. पासपोर्ट तिने त्याच फ्रेमच्या मागे खोचून ठेवलाय. एकदा ती नसताना मी काढून बघितला. सगळी पानं कोरी आहेत.

दहावीपासून तिला वाचायची सवय लागली आहे. मालाडच्या वाचनालयातून दर महिन्याला मासिकं आणते. दुपारी डबा खाऊन झाला की चष्मा लावते आणि मला मोठ्याने वाचून दाखवते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता. आवडलं तर थांबते, माझ्याकडे बघते, पुन्हा वाचते.

हे लिखाण मी त्यांतल्याच एका मासिकाला पाठवते आहे. छापून आलं तर ते असंच एका दुपारी तिच्या हातात येईल, आणि मी समोर बसलेली असेन.

अशा लिखाणात नावं बदलतात म्हणे. मी निर्मलाताईचं नाव बदललेलं नाही. एकदा बदललं होतं.